तिसऱ्या वाक्याच्या पुढं

आज सकाळपासून आभाळ धुवायला काढलेल्या चादरीसारखं मळकट होऊन डोक्यावर लोंबतंय. पडत काही नाही आणि सरकतही नाही. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटून बसलाय. साडेनवाला लाईट गेली ती अजून आलेली नाही. त्यामुळं आमच्या मॅडमच्या कंपनीचं सकाळचं काम दुपारवर गेलं आणि दुपारचा आमचा इंग्रजीचा क्लास बुडाला.

म्हटलं, एक दिवस सुटलो! पण सवयीनं वही उघडली आणि इंग्रजी राहिली बाजूला, किस्सेच आठवायला लागले. लूमच्या शेडमध्ये कापसाची रुई उडते बघा. उडताना कुणाला दिसत नाही. महिन्याभरानं वरच्या अँगलवर हात फिरवावा तर बोटभर थर! आमच्या क्लासचं तसंच झालंय. दीड वर्षात इंग्रजी किती साचली ते सांगता यायचं नाही, किस्से मात्र झाडून काढावे एवढे साचलेत.

चाळीस वर्षं मी टॉवेलच्या लूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा. शाळा दुसरीत सुटली. वाचायला शिकलो ते लाईट नसताना, शेडच्या पायरीवर बसून, पेपरावर बोट ठेवून. घाई मला कधी जमली नाही. लूम कितीही बिघडलेला असो, शांतपणे बघत बसलं की कुठला तरी एक स्क्रू ढिला सापडतोच. इंग्रजीत मात्र दीड वर्ष शोधतोय. एक स्क्रू सापडेल तर शपथ!

आणि हे सगळं कशासाठी? तर तीन वाक्यांसाठी.

माझी धाकटी लेक सुनंदा इंग्लंडात नर्स आहे. जावईही तिथंच नर्सचं काम करतात, ते केरळचे. लेकीला मल्याळम येत नाही, जावयांना मराठी येत नाही, म्हणून घरात इंग्रजी. त्या इंग्रजीतच माझी नात मीनू वाढली. आता सात वर्षांची आहे. दर रविवारी दुपारी चारला त्यांचा तोंड दिसणारा फोन येतो.

“हाय ग्रँडपा!”

“हाऊ आर यू?” हे मी.

“गुड. बाय!”

संपलं. तीन वाक्यं. मग रिकामा सोफा दिसतो आणि पळत गेलेल्या पायांचा आवाज येतो. सहा दिवस वाट बघायची आणि सातव्या दिवशी सोफा बघायचा! मला इंग्रजीत भाषण करायचं नव्हतं, साहेबही व्हायचं नव्हतं. मला फक्त तिसऱ्या वाक्याच्या पुढं जायचं होतं.

*

सोलापूरजवळच्या कुंभारीत आमच्या घरकुल वसाहतीत दोन गल्ल्या सोडून तेजश्री राहते. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते, दिवसभर परदेशी लोकांशी फोनवर बोलते. तिला म्हटलं, मला जरा शिकव. तर ती म्हणाली, “आजोबा, एकट्याला काय, चारजण जमवा की!” म्हणून समाजमंदिराच्या ओसरीवर क्लास सुरू झाला. वयानं ती आमच्या नातीसारखी, पण पहिल्याच दिवशी तिनं खडू हातात घेतला आणि आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायला लागलो.

चारजण कोण? एक मी. दुसरे मल्लूअण्णा. त्यांचं शेंगाचटणीचं दुकान आता मुलगा बघतो, त्यामुळं अण्णांना बोलायला माणसं कमी पडतात. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं आवाज मोठा. तिसरे खाजाभाई, रिक्षा सोडून घरी बसलेले. चौथी माझी शेजारीण नरसम्मा. तिला विचारलं, तुला इंग्रजी कशाला? तर म्हणाली, “मला कशाला पायजे! घरी बसून विड्याच वळायच्या, त्या तितं बसून वळीन. तेवढीच गंमत.” म्हणून क्लासमध्ये सगळ्यांच्या मांडीवर वही असते, नरसम्माच्या मांडीवर तंबाखूचं सूप.

आणि खरं सांगू का? आमच्यात सगळ्यात लवकर तिलाच येतं!

*

पहिल्या दिवशी मॅडमनी मल्लूअण्णांना विचारलं, “हाऊ आर यू?” आणि अर्थही सांगितला, की तुम्ही कसे आहात.

अण्णांनी पाय लांब केले. “आता तुमी इच्चारलंच म्हनून सांगतो...” आणि गाडी सुटली. डावा गुडघा, उजवा गुडघा, पित्त, थोरल्या सुनेचं बोलणं, परत डावा गुडघा. वीस मिनिटं!

मॅडम म्हणाल्या, “अण्णा, एवढं सांगायचं नसतं. ‘फाईन, थँक्यू, अँड यू?’ एवढंच म्हणायचं.”

“आनि बरं नसलं तर?”

“तरी तेच.”

“मग इच्चारत्यात कशाला?”

मॅडमनी फळा पुसायला घेतला.

अण्णा व्यापारी माणूस. माल पटला नाही तरी एकदा घरात आला की वापरणारच. पंधरा दिवस ते दुकानात, देवळात, दाढीच्या दुकानात ‘फाईन, थँक्यू, अँड यू’ घोकत होते. मग एकदा त्यांच्या पोटात दुखायला लागलं. मुलानं शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगा गाडी लावायला गेला आणि तेवढ्यात अण्णांचा नंबर लागला. डॉक्टर तरुण, बाहेरगावचा.

“हाऊ आर यू, अंकल?”

अण्णा खुर्चीत ताठ झाले. “फाईन, थँक्यू, अँड यू?”

डॉक्टर खूश! बीपी बघितलं, टॉनिक लिहून दिलं, पाठीवर थाप मारली. अण्णा जसे पोट धरून गेले होते तसेच पोट धरून घरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो अण्णा, डॉक्टरांना खरं सांगायचं असतं!”

“यप्पा!” अण्णा ओरडले. “मग कुनाकुनाला खरं सांगायचं, त्याची यादी द्या की आदी!”

*

त्याच आठवड्यात मॅडमनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या माणसांना दिवसातून पाच वेळा थँक्यू म्हणायचं. तिकडं म्हणे नवऱ्यानं मीठ पुढं सरकवलं तरी बायको थँक्यू म्हणते.

मल्लूअण्णांनी दुपारच्या जेवणापासूनच सुरुवात केली. कमलाबाईंनी ताटात भाकरी टाकली. अण्णा म्हणाले, “थँक्यू.” कमलाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग आमटी वाढली. “थँक्यू.” पाण्याचा तांब्या ठेवला. “थँक्यू!”

कमलाबाईंनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या.

“डॉक्टर काय म्हनाला? खरं सांगा.”

“काय न्हाय की. टॉनिक दिलंय.”

“मला फसवू नका. अठ्ठेचाळीस वर्सं वाढतीया मी. कदी म्हनला न्हाईत!”

संध्याकाळी करमाळ्याची लेक एसटीनं डोळे पुसत हजर. पुण्याचा मुलगा सुट्टी टाकून अर्ध्या वाटेवर. अण्णा एकेकाला सांगताहेत, अरे हा क्लासचा अभ्यास आहे. आणि सगळे एकमेकांकडं बघताहेत, की म्हातारा किती धीराचा, शेवटपर्यंत दुसऱ्यांना हसवतोय! शेवटी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

कमलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अण्णांकडं वळून म्हणाल्या, “तुमचा अब्यास तितंच सोडून येत जावा. घरी बोलायचंच आसल तर आमटीत मीठ कमी हाय म्हना. माझ्या जिवाला बरं वाटंल!”

*

खाजाभाईंचा किस्सा याच्यापेक्षा महाग पडला.

मॅडमनी शिकवलं होतं, की इंग्रजी माणूस एकदा ‘नो, थँक्यू’ म्हणाला की त्याला खरोखरच नको असतं. पुन्हा विचारायचं नाही. आग्रह केला तर त्याला राग येतो. आपण ‘ओके, नो प्रॉब्लेम’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. खाजाभाईंना हे फार आवडलं. “कित्ता आसान काम है!” म्हणाले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पहिलं ‘नको’ मान म्हणून, दुसरं ‘नको’ लाज म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं की पाहुणा ताट पुढं ओढतो.

खाजाभाईंच्या नातीचं लग्न अक्कलकोटला ठरत होतं. व्याही तारीख पक्की करायला दुपारी बाराला आले. घरात बिर्याणीचा वास. खाजाभाईंनी ताट पुढं केलं. व्याही हात जोडून म्हणाले, “नक्को नक्को, खाके आया मै.”

“ओके! नो प्रॉब्लेम!” खाजाभाईंनी ताट उचललं आणि आत पाठवलं.

व्याही बराच वेळ आतल्या दाराकडं बघत होते म्हणे. मग पाणी पिऊन उठले. तारीख बोललेच नाहीत. स्टँडवर त्यांना कुणी तरी उभ्या उभ्या भजी खाताना बघितलं. अक्कलकोटहून निरोप आला, “हमारे से कुछ गलती हुई क्या?”

घरात जे व्हायचं ते झालं. बायको, सून, नात, तिघी एका बाजूला आणि खाजाभाई दुसऱ्या बाजूला. शेवटी मिठाईचा बॉक्स घेऊन स्वतः अक्कलकोटला गेले. व्याह्यांना सगळी हकिगत सांगितली, क्लासची, मॅडमची, आग्रह न करायच्या इंग्रजी रीतीची. व्याही हसले. वातावरण निवळलं. ताटं आली. खाजाभाई सकाळपासून उपाशी, पण रीत ती रीत.

“नक्को भाई, तकलीफ नक्को.”

व्याह्यांनी ताट उचललं आणि आत हाक मारली, “ले जाव! नो प्रॉब्लेम!”

*

माझं मात्र तीन वाक्यांच्या आतच घोटाळे चालू होते.

एका रविवारी मीनू नेहमीचं ‘बाय’ न म्हणता म्हणाली, “सी यू लेटर, ग्रँडपा!” मी लगेच वहीत बघितलं. सी यू म्हणजे भेटू, लेटर म्हणजे नंतर. आनंद झाला. पोरगी खेळून येणार आणि परत फोन करणार!

फोन चार्जिंगला लावला. धुतलेला सदरा घातला होता तो तसाच ठेवला. नरसम्मानं हाक मारली, “आप्पा, भाजी आनायला येता का?” म्हटलं, नाही, मीनूचा फोन यायचाय. सहा वाजले, सात वाजले. मी खुर्ची सोडली नाही. साडेसातला मीच लेकीला फोन लावला, म्हटलं पोरगी पडलीबिडली नाही ना?

“नाही आप्पा, पोहायला गेलीय.”

“पन ती लेटर म्हनाली हुती.”

सुनंदा म्हणाली, “आप्पा, ते नुसतं म्हणायचं असतं.”

लूमवर मी एखाद्या कामगाराला ‘येतो जरा वेळानं’ म्हटलं, तर तो बिचारा लूम बंद ठेवून माझी वाट बघत बसायचा. मी गेलो नाही असं कधी झालं नाही. आणि इथं एक सबंध भाषा नुसतं म्हणण्यासाठी! यायचं नाही तर म्हणायचं कशाला? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही फार शब्द धरून बसता.”

मग शिकायला आलोय कशाला? शब्द सोडून बसायला?

*

नरसम्माचा किस्सा छोटा आहे, पण ती अजून सांगताना लाल होते.

मॅडम म्हणाल्या होत्या, इंग्रज माणूस इतका सभ्य, की तुम्ही त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तोच म्हणतो.

नरसम्मा विड्या घेऊन सिटी बसनं कारखान्यात निघाली होती. गर्दी होती. एका आडदांड माणसानं बूट घातलेला पाय तिच्या अंगठ्यावर ठेवला. एरवी नरसम्मानं त्याच्या सात पिढ्यांची तेलुगूत विचारपूस केली असती. पण नवी नवी विद्या. डोळ्यांत पाणी आलेलं असताना ती म्हणाली, “सॉरी.”

त्यानं तिच्याकडं बघितलं. मोठ्या मनानं म्हणाला, “ऱ्हाऊ दे मावशी. फुडच्या टायमाला जपून ऱ्हावा.”

क्लासमध्ये येऊन तिनं सूप असं आपटलं की तंबाखू उडाली. “नख माझं काळं पडलं, आन माफ मला त्यानं केलं! मॅडम, तुमची सभ्यता तुमच्यापाशीच ठेवा!”

*

मग मॅडमनी वाक्प्रचार काढले. छापील कागद वाटले. म्हणाल्या, हे आले की बोलण्यात मजा येते.

एकेक वाचत गेलो. काम सोपं असलं तर म्हणे केकचा तुकडा. फजिती झाली तर तोंडावर अंडं. गुपित फुटलं तर शेंगाचे दाणे सांडले. रडून उपयोग नाही तर दूध सांडलं. नरसम्मा विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ऐकत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्या लोकांच्या घरी येळेवर सैपाक होत न्हाई का ओ? सगळं ध्यान खान्यातच हाय. आनि ज्येवताना सांडत्यात पन किती!”

मी मात्र केकचा तुकडा धरून ठेवला. आठवडाभर पाठ केला. अंघोळ करताना, देवापुढं बसल्यावर, रस्त्यानं चालताना. ‘पीस ऑफ केक.’ मुलांना केक आवडतो, हे वाक्य आवडणारच. सुनंदाकडून काढून घेतलं, की मीनूची गणिताची परीक्षा झाली आहे.

रविवार आला.

“हाय ग्रँडपा!”

“हाऊ आर यू?”

“गुड.”

ती ‘बाय’ म्हणायच्या आत मी मध्येच घातलं, “मॅथ्स टेस्ट? पीस ऑफ केक!”

मीनू थांबली. सोफ्यावरून उतरता उतरता थांबली! चौथं वाक्य येणार. आलं!

“ग्रँडपा, नोबडी सेज दॅट. ओन्ली माय टीचर सेज दॅट. बाय!”

असं कुणी म्हणत नाही, फक्त तिच्या बाई म्हणतात! मी कागद घेऊन तडक मॅडमकडं. त्यांनी फोनमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, “हो आजोबा, आता मुलं वेगळंच बोलतात. दर दोन महिन्यांनी बदलतं.” आमच्या लूमवर टॉवेलचं डिझाईन बदलायचं तर मालक आधी पंधरा दिवस सांगायचे. इथं सबंध देशाची बोली बदलते आणि कुणी सांगतसुद्धा नाही!

*

मॅडमनी युक्ती दिली. “हो किंवा नाही असं उत्तर येईल ते विचारूच नका. असं विचारा की तिला सांगावंच लागेल.”

मी विचारलं, “व्हॉट डिड यू डू टुडे?” आज काय केलंस?

“नथिंग.”

“व्हॉट डिड यू ईट?”

“स्टफ.”

“व्हॉट यू लाईक इन स्कूल?”

“व्हॉटेव्हर.”

तीन दारं वाजवली आणि तिन्हीला आतून कडी! खाजाभाईंना हे तीन शब्द सांगितले, तर त्यांनी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतले. म्हणाले, “आप्पा, ये बढिया है. घर में काम आयेगा.”

*

एकदा तर मीनू मला म्हणाली, “नो वे, ब्रुह!”

मागून जावयांचा आवाज चढला. सुनंदा घाईघाईनं पुढं आली, “सॉरी आप्पा, शाळेत शिकून येते, मनावर घेऊ नका.” मी म्हटलं, शिवी आहे का? ती म्हणाली, शिवी नाही. मग काय आहे, ते काही सांगेना.

क्लासमध्ये विचारलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “भावा म्हणतात ना आजोबा आपल्याकडं, तसंच ते.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा मी, आणि सात वर्षांची नात मला भावा म्हणते! मी जरा तावातावानं बोललो असेन. म्हटलं, ही कसली भाषा, जिला आजोबा आणि भाऊ यातला फरक कळत नाही!

खाजाभाईंनी चष्मा वर केला. “आप्पा, गुस्सा नक्को. इधर सारी कुंभारी आपकू आप्पा बोलती. मल्लूअण्णा आपसे दो साल बडे, वो भी आप्पा बोलते. किसकिसके बाप हो आप?”

नरसम्मा एवढी हसली की तिच्या हातातली विडी सुटली.

*

आता मागच्या रविवारचं सांगतो.

चारला फोन वाजला. मी वही मांडीवर घेऊन खुर्चीत तयार. या वेळी मॅडमनी सहा वाक्यं पाठ करून घेतली होती. पण पडद्यावर मीनू नव्हती, सुनंदा होती.

“आप्पा, आज राहू दे. बिस्किट गेलं रात्री.”

बिस्किट म्हणजे मीनूनं पाळलेला हॅमस्टर. उंदराच्या जातीचा, पण गुबगुबीत, मुठीत मावणारा. सकाळी पिंजऱ्यात बघितलं तर हालचाल नाही. तेव्हापासून पोरगी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलेली. आईशी बोलत नाही, बापाशी बोलत नाही. मैत्रिणीचा फोन आला तो घेतला नाही.

“बंद करू नगो,” मी म्हटलं. “फोन तितंच टेबलाखाली ठेव, तिच्यासमोर.”

“आप्पा, ती बोलणार नाही. आणि तुम्ही तरी काय बोलणार तिच्याशी?”

“तू ठेव तर खरं.”

तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. मीनू दिसली. गुडघे पोटाशी घेतलेले, बाजूला बुटाचं खोकं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी वही उघडली. दुःखाच्या पानावर मॅडमनी लिहून दिलं होतं, ‘चिअर अप.’ ‘डोन्ट वरी.’ ‘इट्स ओके.’ तिन्ही वाचली आणि वही मिटली.

खुर्चीवरून उठलो. फोन स्टुलावर ठेवला आणि खाली सतरंजीवर भिंतीला पाठ लावून बसलो. आपल्याकडं मयताच्या घरी बसायला जातात तसं. तिथं कुणी काही विचारत नाही. भेटायला आलेल्यानं नुसतं बसायचं असतं, बस.

बराच वेळ गेला. मीनूनं एकदा डोळे वर करून बघितलं, की आता हा विचारणार, हाऊ आर यू. मी विचारलं नाही. तिनं परत मान खाली घातली. तिच्याकडं कुठं तरी नळ वाहत होता, तो बंद झाला. माझ्याकडं कबुतर पत्र्यावर चालत होतं, ते उडून गेलं.

मग तिनं खोकं हळूच ओढलं आणि फोनसमोर ठेवलं. झाकण काढलं. आत निळ्या काठाच्या सोलापुरी नॅपकिनमध्ये ते एवढंसं गुंडाळलेलं होतं. फक्त नाक उघडं. मी हात जोडले. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिनंही जोडले.

झाकण परत लावलं. खोकं आमच्या दोघांच्या मध्ये. ती सरकत सरकत इतकी जवळ आली की पडद्यावर नुसता तिचा गुडघा आणि अर्धा गाल दिसत होता. तशीच बसून राहिली. मीही राहिलो. मागं एकदा सुनंदा वाकून बघून गेली, तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून हात धरलेला.

पाच वाजायला आले तेव्हा मीनूनं बाहीला नाक पुसलं, खोकं उचललं आणि उठली. अशा घरून निघताना कुणी काही बोलत नाही. तीही काही बोलली नाही, मीही नाही. रिकामं टेबल थोडा वेळ दिसत राहिलं. फोन कुणी केव्हा बंद केला, मला कळलं नाही.

पाय आखडले होते. भिंत धरून उठलो आणि दारात आलो. नरसम्मा तिच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती. आमची भिंत एकच. दर रविवारचं माझं इंग्रजी तिला शब्द न् शब्द ऐकू जातं आणि सोमवारी ती माझ्या चुका काढते. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली.

“काय ओ आप्पा, आज रेंज नव्हती व्हय? तासभर भिंतीला कान लावून बसले, येक शबूद न्हाई आला!”